अपेक्षित बाई

कागदावर लिहिलं : आक्कूबाई मगदूम, वडणगे.
उंची एकशे अठ्ठेचाळीस. वजन एकोणचाळीस.
वय?
"भूकंपाच्या पहाटे पाळण्यात हुतो."
अठ्ठावन्न लिहिलं.
धूम्रपान?
"छ्या! सकाळची मिश्री तेवढी."
'नाही'वर खूण केली.
चुलीचा रकाना या कागदात नाही.
गुऱ्हाळावर चिपाड वाळवल्याचाही नाही.

मग म्हणाली, "कुणाची गं तू?"
"शिरोळच्या शिकलगारांची."
"आसं व्हय," म्हणाली, आणि खुर्चीवर
जरा मागे सरकून बसली.

नाकाला चिमटा लावला, दांडीवरच्या लुगड्याला लावतात तसा.
पुठ्ठ्याची नळी हातात दिली.
तिनं ती उलटसुलट करून पाहिली,
एक डोळा मिटून आरपार पाहिली,
आणि हसली, चिमट्यामुळं गेंगाणं.
"फुकणीच की ही."

मोठा श्वास घ्या आक्का, फुंका, जोरात,
अजून, अजून, अजून, अजून...
ती फुंकली. लांब, बारीक, एकसारखी,
जशी चाळीस वर्षं फुंकत आली :
निखारा तेवढा जागा व्हावा,
शेजारी झोपलेलं पोर होऊ नये.
यंत्रानं नाकारलं. पडद्यावर लाल रेघ.
दुसऱ्यांदाही लाल.
"जोरात, आक्का."
"एवढ्या जोरानं फुकल्यावर
राख उडंल की पोरी तोंडावर."

तिसऱ्यांदा खोकला आला. पाणी दिलं. थांबलो.
बाहेर नंबर पुकारत होते.
मग मी पुस्तकात नसलेलं वाक्य बोलले :
उडू दे राख.

उडाली.
पडद्यावर रेघ सर्रकन वर गेली
आणि आत वळली, खोल,
तिच्या गळ्याच्या हाडामागल्या खळगीसारखी.
अपेक्षिताच्या एक्केचाळीस टक्के.

यंत्रात एक बाई राहते.
हिच्याच उंचीची, हिच्याच वयाची,
कधीच कुठली चूल न फुंकलेली.
सगळ्यांना तिच्याशी ताडून पाहायचं असतं.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
तिचं स्वयंपाकघर कसलं असेल,
तिला भाकरी कोण देतं, ठाऊक नाही.

मग व्हरांडा. तीस मीटर, दोन टोकांना दोन शंकू.
सहा मिनिटं चालायचं, पळायचं नाही, बोलायचं नाही.
दमलात तर थांबा, घड्याळ थांबणार नाही.
"संगं चल की."
नाही येता येत, आक्का. तुमची चाल
माझ्या चालीनं बिघडते.
हे तिला पटलं नाही. मलाही
दर वेळी पटतंच असं नाही.

चप्पल काढून ती निघाली, पदर खोचून.
बोटावर चिमटा, त्यात आकडा : चौऱ्याण्णव.
शंकूला वळसा घालताना
जुन्या घाण्याच्या बैलागत मान आत घेई.
छान चाललंय, पाच मिनिटं राहिली.
छान चाललंय, चार राहिली.
(हे एवढंच म्हणायचं असतं, एकाच सुरात.)
एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.
अपेक्षित बाई केव्हाच पुढं गेली असणार,
पाचव्या फेरीनंतर ही खिडकीला टेकली.
खाली केएमटी वळत होती, एक शहाळंवाला
कोयता पुसत होता. ती त्याच्याकडं बघत राहिली
चाळीस सेकंद. तिचे खांदे कानापर्यंत जात, खाली येत.
माझ्या हातात घड्याळ. शहाऐंशी.
मी काही बोलले नाही. ती आपणच निघाली.

दोनशे बावन्न मीटर.
"म्हंजी किती गं?"
आकडा कसा सांगावा कळेना. मी म्हटलं,
तुमच्या दारापासून काय आहे तेवढ्यावर?
तिनं डोळे मिटले. ओठ हलले,
घरं मोजत असावी.
"तळं," म्हणाली. "तळ्यापतोर जातो म्हण की मी."
मी मान हलवली.
"बरं हाय मग."
चप्पल शोधत, पायानंच चाचपत,
"येताना बसतो कट्ट्यावर."